ठेव, वर, सोबत

बिटको चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर,
कठडा नसलेल्या जिन्यानं चढून जायचा आमचा क्लास.
गायधनी सर प्रेसमधून निवृत्त झालेले,
अजूनही वहीची पानं उलटतात नोटा मोजल्यासारखी,
अंगठा ओला करून, ओठ हलवत.
आज त्यांनी फळ्यावर लिहिलं : पुट अप विथ.

सुटे सुटे तिन्ही मला येत होते.
पुट म्हणजे ठेव. अप म्हणजे वर. विथ म्हणजे सोबत.
वहीत लिहूनही टाकलं : वर ठेव, सोबत.
डोळ्यांपुढे लोणच्याची बरणी आली,
चारूवहिनीच्या स्वयंपाकघरातली सगळ्यात वरची फळी
आणि डुगडुगत्या स्टुलावर मी.

‘तसं नाही,’ सर म्हणाले,
‘तिघं एका घरात राहायला लागले
की आपापलं जुनं विसरतात.
अर्थ : सहन करणे.’
वर्ग हसला. मीही हसले,
हसायला काय जातं.

प्रत्येकी एक वाक्य करा, म्हणाले.
भगूरचा प्रज्योत द्वारकेचं ट्रॅफिक सहन करतो.
देवळालीची शाहीन, डास.
अंबडला शिफ्ट करणारे ढिकले
कुणाचं तरी नाव घेणार होते,
खोकले, आणि म्हणाले, ‘माय शूज.’

मी लिहिलं : आय पुट अप विथ माय ब्रदर्स वाइफ.
लिहिलं आणि तळहातानं झाकलं.
पण सरांनी आयुष्यभर कागद उजेडाला धरून पाहिलेले.
‘बरोबर आहे,’ हळूच म्हणाले.
मग सगळ्यांना ऐकू जाईल असं :
‘आता विथ काढा, अ‍ॅट घाला.
पुट अप अ‍ॅट : उतरणे, मुक्काम करणे.
समजा, भावाकडे. दोन-चार दिवस.’
बारा वर्षांना चालतं का,
विचारायचं राहून गेलं.

गंगापूर धरणाकडच्या रिसॉर्टवर
रिसेप्शनला घेऊ म्हणालेत,
इंग्रजी जरा सुधारलं तर.
तिथं लोक दोन-चार दिवसच येतात.

जेलरोडच्या वळणावर हातगाडी होती.
एक्स्पोर्टच्या पेटीत न बसलेले, घडातून सुटलेले मणी,
स्वस्तात. अर्धा किलो घेतले.
चालता चालता वाक्य तोंडात घोळत राहिलं
आणि कसं कोण जाणे, उलटं झालं.
कर्त्याच्या जागी ती, कर्माच्या जागी मी.
चारू पुट्स अप विथ मी.
क्रियापदाला एक बारीकसा स लागला,
बाकी काहीच बदललं नाही,
व्याकरण तर अजिबात नाही.

मोरीतला दिवा मी विसरते, रोज.
तिच्या कपाटाचे दोन कप्पे माझे.
पहाटे चारला मी खोकते
आणि भिंतीपलीकडे कूस बदलल्याचा आवाज येतो,
बारा वर्षं, नुसती कूस.

‘आज काय शिकवलं?’ तिनं विचारलं.
सांगितलं. माझं वाक्य सोडून.
मणी चाळणीत धूत होती, देठं खुडत.
‘म्हणजे आपलं खपवून घेणं,’ ती म्हणाली.
‘हो. चालवून घेणं.’
‘सांभाळून घेणं.’
‘निभावून,’ मी म्हणाले, ‘नेणं.’
‘ते वेगळं. ते नवऱ्याशी असतं.’
नळ बंद केला. जरा वेळ कुणीच बोललं नाही.
‘समजून घेणं,’ तीच म्हणाली, माझ्याकडे न बघता.
‘गंमत आहे. त्यांच्यात ठेवतात,
आपल्यात घेतात.’
आणि निथळती चाळणी पुढे केली :
‘घे.’

घेतले चार.
आंबट होते.
‘कसे आहेत?’
‘चालतील,’ मी म्हणाले.